इंदूरमध्ये शाश्वत वास्तुरचनेचे काम : पहिले तीन आठवडे कसे वापरावेत

वास्तुविशारदाच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेली मुले-मुली पहिल्या महिन्यातच विचारतात की शाश्वत रचनेचे काम नेमके केव्हा सुरू होते. त्यांची समजूत अशी असते की आधी नकाशा होतो, मग तो मंजूर होतो आणि त्यानंतर सौरपॅनल, पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारा पुनर्भरणाचा खड्डा आणि प्रमाणपत्राचे कागद जोडले जातात. प्रत्यक्षात तोपर्यंत बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. इमारतीचे तोंड कुठे, पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडणार, न्हाणीघराचे नळ कोणत्या भिंतीतून खाली उतरणार, हे सारे पहिल्या तीन आठवड्यांत ठरते, आणि नेमके त्याच काळात मालकाचे आणि कार्यालयाचे सगळे लक्ष दर्शनी चित्राकडे असते. पुढील मार्गदर्शन म्हणूनच कामाच्या क्रमाने लिहिले आहे. उदाहरणे इंदूरची आहेत, कारण आमच्या बहुतेक जागा माळव्याच्या काळ्या मातीवर आहेत आणि त्या मातीने आम्हाला पुष्कळ शिकवले आहे.

जागेवर तीन वेळा जावे

सकाळी एकदा, दुपारी चारच्या सुमारास एकदा आणि रात्री नवानंतर एकदा असे तीन वेळा जागेवर जावे. सोबत टेप, होकायंत्र, वही आणि मिस्त्री वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी असावी. सर्व्हेचा नकाशा हाती आला असला तरी उतार एकदा स्वतः मोजावा, म्हणजे पाणी कुठून कुठे जाते हे कागदाआधी पायांना कळते. रात्रीची फेरी बहुतेक जण टाळतात, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. शब-ए-माळवा, म्हणजे माळव्याची रात्र, ही म्हण उगाच पडलेली नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या पठारावर दिवस कितीही तापला तरी रात्री हवा बरीच उतरते. भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता रात्री बाहेर टाकता येईल अशी रचना केली, तर उन्हाळ्यातल्या कितीतरी रात्री यंत्राशिवाय निघू शकतात. मात्र त्या जागेवर रात्री वारा कुठून येतो हे तिथे उभे राहूनच कळते.

शेजाऱ्यांशी बोलणे हाही मोजणीचाच भाग आहे. मागच्या पावसाळ्यात पाणी कुठे साचले, बोरिंग किती फुटांवर लागले, ते कोणत्या महिन्यात आटते, हे प्रश्न ठरवून विचारावेत. आमच्या कार्यालयातली एक प्रशिक्षणार्थी रामबागेतल्या एका जुन्या घराची मोजणी करत असताना तिने घरातल्या काकूंना विचारले, "काकू, उन्हाळ्यात तुम्ही कोणत्या खोलीत बसता?" काकूंनी हातातले निवडण बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "अगं, बारा वाजल्यानंतर पश्चिमेची दारं आम्ही उघडतच नाही. सात वाजले की सगळी उघडायची आणि चौकात पाणी शिंपडायचं. दहापर्यंत पंखासुद्धा लागत नाही." त्या मुलीने हे वाक्य वहीत जसेच्या तसे लिहिले आणि त्याखाली चौकाची लांबी, रुंदी, उंची टिपली. नोंद अशीच असावी, कारण माणसाची सवय आणि इमारतीचे माप एकमेकांशेजारी लिहिले की आराखड्याला दिशा मिळते.

या पद्धतीला इंदूरमध्ये जुना आधार आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी शहराचा जो अहवाल तयार केला तो 1918 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढण्यापेक्षा जुन्या वस्तीत नेमका आणि थोडाच छेद द्यावा, हा त्यांचा आग्रह होता, आणि असा छेद कुठे द्यायचा हे गल्लीबोळ पायी फिरल्याशिवाय ठरवता येत नाही. पुढे वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरमधल्या अरण्य वसाहतीची आखणी करण्याआधी इंदूरमधल्या अस्तित्वात असलेल्या झोपडवस्त्यांचा तपशीलवार अभ्यास झाला होता. ओटा किती रुंद असतो, झाडाखाली कोण बसते, दुकान घराच्या कोणत्या अंगाला निघते, अशा बारकाव्यांतून सुमारे साडेसहा हजार भूखंडांची ती योजना उभी राहिली. गरीब कुटुंबाला जोते आणि संडास-न्हाणीचा गाभा द्यायचा आणि उरलेले घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, ही त्यामागची कल्पना. या वसाहतीला 1995 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. नव्या माणसाने तिथे एक पूर्ण दिवस घालवावा असे मी आवर्जून सांगतो, कारण घरे वाढताना मूळ आखणीतले काय टिकले आणि काय बदलले हे तिथे डोळ्यांनी पाहता येते.

पाणी आधी, भिंती नंतर

इंदूरला नळाने येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतर कापून आणि विंध्याचा चढ चढवून आणलेले असते. प्रत्येक बादलीमागे वीज खर्च होते, म्हणून पाण्याची बचत ही इथे ऊर्जेचीही बचत आहे. हे मालकाला पहिल्याच भेटीत समजावून सांगावे.

पुनर्भरणाबाबत मी स्वतः केलेली चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गृहसंकुलासाठी मी दीड मीटर खोल खड्ड्याचा तपशील जुन्या ड्रॉइंगमधून उचलून तसाच लावला. जागेवर काळी माती अडीच मीटरपेक्षा जास्त खोल होती. काळी माती कोरडी असताना तिच्या भेगांत बोट जाते, त्यामुळे ती पाणी पिऊन टाकेल असे वाटते; पण पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरायचे जवळजवळ थांबते. माझा खड्डा सबंध पावसाळा तुडुंब भरून उभा राहिला, त्यात डास झाले आणि रहिवाशांनी दिवाळीआधी तो बुजवून टाकला. त्यांचे काहीच चुकले नव्हते.

तेव्हापासून आम्ही आधी खणून पाहतो. मजूर लावून हाताने खड्डा घ्यावा आणि माती कुठे संपते व पिवळसर मुरूम कुठे लागतो ते टेपने मोजून लिहावे. मुरूम लागल्यावर तळाशी हातभर खोल पाणी भरावे, काठीवर खूण करावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी किती उतरले ते टिपावे. ही चाचणी एका दिवसात होते आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात जाणवतही नाही. पुनर्भरणाची नळी काळ्या मातीचा पूर्ण थर ओलांडून मुरमात किंवा खाली झिजलेल्या बसाल्टच्या भेगाळ थरात उतरली पाहिजे. वर गाळणीसाठी तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर वाळू असा क्रम ठेवावा, म्हणजे गाळ वाळूतच अडतो आणि दरवर्षी तेवढाच थर काढून धुता येतो. गच्चीवरचे पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडण्याची झडप द्यावी. सांडपाण्याचा थेंबही या नळीत जाता कामा नये. आणि हा खड्डा इमारतीच्या पायापासून दूर ठेवावा, कारण पायाजवळची काळी माती कधी ओली, कधी कोरडी होत राहिली तर भिंतींना तडे जातात, आणि मग मालक पुनर्भरणाच्या कल्पनेलाच कायमचा दुरावतो.

पाण्याचा हिशेब हाताने मांडावा. इंदूरचा वार्षिक पाऊस साधारण 950 मिलीमीटर धरला आणि गच्ची 100 चौरस मीटरची असली, तर वीस टक्के घट वजा करून वर्षाला सुमारे 76,000 लिटर पाणी मिळते. माणशी रोज 135 लिटर या नेहमीच्या मापाने पाच जणांच्या कुटुंबाला रोज 675 लिटर लागतात, म्हणजे गच्चीचे पाणी वर्षातल्या 112 दिवसांपुरते झाले. त्या 135 लिटरांपैकी 45 लिटर एकट्या फ्लशसाठी धरले जातात. पाच जणांचा वर्षभराचा फ्लश 82,000 लिटरच्या घरात जातो, म्हणजे गच्चीवर पडणारा जवळजवळ सगळा पाऊस आपण शौचालयातून वाहून घालवतो, हे या आकड्यांतून दिसते. म्हणूनच न्हाणीचे पाणी गाळून फ्लशला वापरण्यासाठी नळांची दुसरी स्वतंत्र ओळ आम्ही जोत्याच्या टप्प्यालाच काढून ठेवतो. टाकी आणि गाळणी नंतर बसवता येते, पण भिंतीतून दुसरी नळी काढायची म्हणजे टाइल्स फोडाव्या लागतात, आणि त्याला कोणीही तयार होत नाही.

पश्चिमेचे ऊन

इंदूर साधारण 22.7 उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. 21 जूनला माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो दक्षिणेकडे 67 अंशांवर आणि 21 डिसेंबरला 44 अंशांवर असतो. या तीन आकड्यांवर दक्षिणेच्या खिडकीचा छज्जा ठरतो. खिडकी 1.2 मीटर उंच असेल आणि छज्जा तिच्या माथ्यालगत 50 सेंटीमीटर बाहेर काढला, तर विषुवदिनी माध्यान्ही पूर्ण खिडकी सावलीत राहते आणि डिसेंबरमध्ये तिच्या खालच्या सुमारे 70 सेंटीमीटर भागातून ऊब देणारे ऊन आत येते.

पश्चिमेला हे गणित लागू पडत नाही. मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम 20 अंशांवर असतो. तेवढे ऊन अडवायला त्याच खिडकीला सव्वातीन मीटरचा छज्जा लागेल, म्हणजे तो व्हरांडाच झाला. अडचण अशी की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वाराही बहुतेक पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. भिंत बंद केली तर वारा जातो आणि मोठी खिडकी ठेवली तर ऊन येते. आमचा अनुभव असा की पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठी अशा कमी वावराच्या जागा ठेवाव्यात, खिडक्या उभ्या आणि अरुंद घ्याव्यात, त्यांच्यासमोर जाळी किंवा उभे पडदे द्यावेत आणि जागा असेल तर कडुनिंब किंवा करंज लावावा. वारा त्या अरुंद फटीतून आत येतो, मात्र समोरच्या भिंतीत त्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली असली पाहिजे. झाडाचे रोप पायाच्या कामाबरोबरच लावावे, म्हणजे घरभरणीपर्यंत त्याने दोन पावसाळे पाहिलेले असतात. झाडही भिंतीला चिकटून लावू नये, कारण काळ्या मातीतला ओलावा मुळांनी ओढला की जमीन खचते.

गच्चीची आखणी

एक किलोवॉट सौरपॅनलला साधारण 10 चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान आहे, त्यामुळे मालक हा विषय स्वतःच काढतात. तेव्हा नैऋत्येच्या टाकीचा प्रश्न पुढे येतो. वास्तुशास्त्र मानणाऱ्या घरांत गच्चीवरची टाकी नैऋत्येला हवी असते, आणि दोन मीटर उंच टाकीची सावली डिसेंबरात माध्यान्हीसुद्धा उत्तरेकडे दोन मीटर पडते, दुपारी तीनला ती ईशान्येकडे त्याहून लांब पसरते. या श्रद्धेशी वाद घालू नये. टाकी नैऋत्येलाच ठेवून ती पश्चिमेच्या कडेला टेकवावी, तिची उंची कमी आणि पसारा जास्त घ्यावा आणि पॅनलांची ओळ गच्चीच्या दक्षिण कडेने तिच्या पूर्वेला लांब घ्यावी. जिन्यावरची टोपी, म्हणजे गच्चीवरची जिन्याची खोली, मात्र उत्तरेला नेण्याचा आग्रह धरावा. उरलेल्या गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करावी; ती ऊन परतवते आणि गळतीही थोपवते.

नियम वेळेवर पाहावेत. मध्य प्रदेश भूमी विकास नियम, 2012 हे मंजुरीचे मूळ आहेत. 500 चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी 2018 ची इको निवास संहिता, म्हणजे घरांतल्या ऊर्जाबचतीची नियमावली, भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला 15 वॉट ठेवते आणि छतासाठी वेगळी मर्यादा घालते, जी नुसत्या उघड्या आरसीसी स्लॅबने गाठता येत नाही. कचऱ्याबाबत इंदूरकरांना नव्याने काही सांगायला नको. लेआउटमध्ये कचरागाडी वळेल एवढी जागा आणि ओला-सुका वेगळा ठेवण्याचा ओटा द्यावा म्हणजे झाले.

कार्यालयातली शिस्त

प्रत्येक कामाच्या फाइलमध्ये पहिला कागद उतार, ऊन, वारा आणि पाणी दाखवणारा असावा आणि दर्शनी चित्र त्यानंतरच काढायला घ्यावे. आमच्याकडे सोमवारच्या बैठकीत तो कागद भिंतीवर लावल्याशिवाय चर्चा सुरू होत नाही. अंदाजपत्रक दोन रकान्यांचे करावे, एकात आजचा खर्च आणि दुसऱ्यात दहा वर्षांचे वीज-पाण्याचे बिल, कारण मालकाचा निर्णय दुसऱ्या रकान्यावर फिरतो. ठेकेदार बदल सुचवतो तेव्हा तोंडी होकार देऊ नये. छज्जा 50 ऐवजी 30 सेंटीमीटर केला किंवा गाळणीतली वाळू वगळली, तर त्याचा परिणाम काय होईल हे त्याच दिवशी लिहून त्याच्या आणि मालकाच्या हाती द्यावे.

घर ताब्यात दिल्यावर पहिल्या जुलैत, भर पावसात, कार्यालयातल्या ज्याने ते ड्रॉइंग काढले त्यानेच जागेवर जावे. पुनर्भरणाचे झाकण उघडून पाणी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून पाहावे आणि पन्हाळीतून पाणी भिंतीवर उडते का ते तपासावे. नंतर मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला पश्चिमेच्या खोलीत पंधरा मिनिटे बसावे आणि तिथे जे आढळेल ते त्याच फाइलच्या पहिल्या कागदामागे तारीख घालून लिहावे.