नव्या गाडीत दोष निघाला तर: जॉब कार्डपासून ग्राहक आयोगापर्यंत

दसऱ्याला गाडी घरी आली. आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटून झाले. नवव्या दिवशी सोसायटीच्या गेटापाशी स्पीडब्रेकरवर डावीकडून ‘खट्ट’ असा आवाज आला. शोरूमला फोन केला तर उत्तर मिळालं, “नवीन गाडी आहे सर, हजार किलोमीटरपर्यंत सेट होईल.” आवाज काही सेट झाला नाही. मी दोनदा वर्कशॉपला जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी काहीतरी आवळलं, मी चहा प्यायलो आणि घरी आलो. तिसऱ्या खेपेला मॅनेजर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, “सिस्टममध्ये तुमची ही पहिलीच तक्रार दिसते.”

दोन खेपा पाण्यात गेल्या, कारण कागद एकही नव्हता. पुढे जे लिहिलंय ते त्या चुकीतून शिकलेलं.

नोंदणीच्या आधी

पैसे भरले, गाडी शोरूमच्या यार्डात आली, पण आरटीओ नोंदणी अजून व्हायची आहे, एवढ्याच काळात तुमचं पारडं जड असतं. एकदा नंबर पडला की रोड टॅक्स भरलेला असतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. त्यानंतर गाडी परत घ्यायला डीलर सहजी तयार होत नाही. म्हणून “आधी गाडी बघतो, मग नोंदणी करा” हे बुकिंगच्या वेळीच सांगा आणि व्हॉट्सॲपवर लिहूनही ठेवा.

गाडी दिवसाउजेडी बघा. चॅसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि बहुतेक कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. चारही टायरांच्या तारखा साधारण जवळपासच्या हव्यात. दारांच्या कडांवरचा रंग, काचांवरचे शिक्के, गाडीखालचा गंज आणि किलोमीटर रीडिंगही बघून घ्या. गोव्यात एका ग्राहकानं २०११ मध्ये नवी म्हणून घेतलेली गाडी २००९ ची निघाली आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ च्या निकालात न्यायालयानं कंपनीला सोडलं. डीलरनं जे केलं ते कंपनीला माहीत होतं असं सिद्ध झालं नव्हतं, त्यामुळे जबाबदारी डीलरवर राहिली. डीलर आणि कंपनी हे कायद्याच्या नजरेत दोन वेगळे व्यापारी आहेत, हे पुढे तक्रार करताना लक्षात ठेवायचं.

जॉब कार्ड तुमच्या शब्दांत

गाडी वर्कशॉपला देताना तक्रार ज्यावर नोंदवतात, ते जॉब कार्ड. सगळा खेळ या कागदावर आहे. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत ‘जनरल चेकअप’ किंवा ‘नॉइज चेक’ असं टाइप करतो आणि सही मागतो. सही करू नका. लिहून घ्यायचं ते असं: “इंजिन थंड असताना, साधारण २० च्या वेगानं स्पीडब्रेकरवरून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून खट्ट असा आवाज. रीडिंग ४१२ किमी. आधीच्या भेटी दोन, तारखा अमुक.” दोष कधी येतो, कुठून येतो, किती वेळा येतो, एवढंच हवं. “सस्पेन्शन खराब आहे” असं निदान आपण करायचं नाही. ते चुकलं तर तेच आपल्या अंगावर येतं.

आवाज किंवा डॅशबोर्डवरचा दिवा मोबाइलवर टिपून ठेवा. वर्कशॉपमध्ये गेलं की गाडी हटकून शहाण्यासारखी वागते, दुखरा दात डॉक्टरच्या खुर्चीत बसताच शांत व्हावा तसं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकबरोबर स्वतः जा आणि दोष येतो त्याच रस्त्यावर गाडी न्या.

गाडी परत घेताना बिल मागा, वॉरंटीत शून्य रुपयांचं झालं असलं तरी. कोणता भाग बदलला, काय दुरुस्त केलं, हे त्यावर हवं. गेट पासबरोबर ‘काम समाधानकारक’ अशा फॉर्मवर सही घेतात. दोष तसाच असेल तर सहीच्या वर “आवाज अजून येतो” असं हातानं लिहा आणि फोटो काढा. माझं काम याच ओळीनं पुढे सरकलं.

या काळात बाहेरून वायर कापून हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टम बसवू नका. वॉरंटी नाकारायला त्यांना तेवढं निमित्त पुरतं. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा त्या-त्या उत्पादकाची असते, तिचे कागद वेगळे मागून घ्या.

ब्रेक, स्टीअरिंग किंवा पेट्रोलचा वास असं काही असेल तर गाडी चालवत नेऊच नका, रोडसाइड असिस्टन्सला बोलवा. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीनं त्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात का, तेही बघा.

वरच्या पायऱ्या

एकच दोष तीनदा दुरुस्त होऊनही परत आला, की फोन बंद आणि ईमेल सुरू. डीलरचा जनरल मॅनेजर आणि कंपनीचा ग्राहक विभाग, दोघांना एकाच मेलमध्ये घ्या. तारखा, रीडिंग, जॉब कार्डांच्या प्रती जोडा आणि उत्तराला १५ दिवसांची मुदत द्या. कंपनीचा विभागीय इंजिनिअर गाडी बघायला येणार असेल तर त्याचा अहवाल लेखी मागा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद करा. बऱ्याच कंपन्या तिथं आल्यावर हलतात. कर्जाचे हप्ते मात्र रागाच्या भरात थांबवू नका. दोष गाडीत आहे, बँकेचा त्यात संबंध नाही, आणि सिबिल तुमचंच खराब होतं.

आयोगाकडे जाताना

अमेरिकेत सतत बिघडणाऱ्या नव्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात आणि तिथल्या राज्यांत त्यासाठी खास कायदे आहेत. आपल्याकडे लिंबू चाकाखालीच. इथं आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते, आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही ती करता येते. शोरूम दुसऱ्या शहरात असला तरी अडत नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहापर्यंत २०० रुपये, वीसपर्यंत ४००, पन्नासपर्यंत १००० रुपये. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. गोव्याचं प्रकरण आठवतंय ना?

‘नवी गाडीच द्या’ ही मागणी मात्र विचार करून लिहा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. उलट २०२२ मध्ये, अपघातात एअरबॅग न उघडलेल्या ह्युंडाई क्रेटाच्या प्रकरणात, गाडी बदलून देण्याचा आदेश त्याच न्यायालयानं कायम ठेवला. दोष किती गंभीर, यावर सगळं ठरतं. उत्पादनातला दोष उघड दिसत नसेल तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो आणि तिचं शुल्क आधी तुम्हाला भरायला सांगू शकतो. म्हणून मागण्या पर्यायी ठेवा: दोष दुरुस्त करा, नाहीतर गाडी बदला किंवा पैसे परत करा, आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या.

नोटीस गेल्यावर कधीकधी डीलरचा फोन येतो. वाढीव वॉरंटी देतो, दोन सर्व्हिस फुकट करतो, तक्रार मागे घ्या. देणं चांगलं असेल तर जरूर घ्या, पण आधी ते कंपनीच्या ईमेलवरून येऊ द्या, आणि तक्रार मागे घ्यायची सही गाडी नीट होऊन आठवडाभर त्याच स्पीडब्रेकरवरून फिरवल्यानंतर करा.