पान डी ड्राइव्हवर, फोटो ई ड्राइव्हवर: ब्राउझर अडवतो तेव्हा काय करावे

घरच्या फोटोसंग्रहाचे एचटीएमएल पान डी ड्राइव्हवर आहे. फोटो आणि त्यांची यादी असलेली जेसन फाइल ई ड्राइव्हवर, म्हणजे पोर्टेबल हार्ड डिस्कवर. पानावर डबल क्लिक केले की शीर्षक दिसते, खाली सगळे कोरे. मग बहुतेक जण ड्राइव्हला दोष देतात आणि सगळे उचलून एकाच फोल्डरमध्ये आणतात. तरी पान कोरेच!

ड्राइव्हचा दोष नसतोच. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला क्रोम आणि फायरफॉक्स शेजारची फाइलही परकी मानतात. पूर्वी फायरफॉक्स त्याच फोल्डरातल्या फाइल वाचू देत असे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ६८व्या आवृत्तीपासून तेही बंद झाले. कारण रास्त होते. ईमेलमधून आलेले पान डाउनलोड्समध्ये उतरवून उघडले, तर तिथेच पडलेली बँकेची स्टेटमेंट्स वाचून त्याला ती बाहेर पाठवता आली असती.

आधी कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुकांचे संदेश दाखवतो ती खिडकी, बघा. एफ१२ दाबून कन्सोल उघडा. 'ओरिजिन नल' आणि 'कॉर्स' हे शब्द दिसले तर हेच कुलूप आडवे आले आहे. 'फाइल नॉट फाउंड' असेल तर पत्ता चुकला आहे. 'नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स' म्हणजे पान एचटीटीपीवरून, म्हणजे वेबच्या मार्गाने, आले आहे आणि त्यातली लिंक मात्र थेट डिस्कवरची आहे.

पत्ता चुकण्यात ड्राइव्हचा संबंध खरोखर येतो. मागच्या फोल्डरात जाणारे दोन टिंब कितीही वेळा लिहिले तरी डी ड्राइव्हच्या बाहेर पडता येत नाही. ई ड्राइव्हवरचा फोटो हवा तर फाइल, कोलन, तीन तिरप्या रेघा, मग ई आणि कोलन असा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. इमेज टॅगमधला फोटो तेवढ्याने दिसतो. जेसन मात्र फेचने, म्हणजे पानातल्या स्क्रिप्टने फाइल मागवण्याच्या पद्धतीने, वाचता येत नाही.

दोन्ही ड्राइव्ह एका छताखाली आणा. कमांड प्रॉम्प्ट उघडा (पॉवरशेलमध्ये ही कमांड थेट चालत नाही) आणि द्या: एमकेलिंक /जे डी:\संग्रह\फोटो ई:\फोटो. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे. संग्रहात 'फोटो' नावाचे फोल्डर आधीपासून नसावे आणि डी ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटचा असावा. एकही फोटो कॉपी न होता ई ड्राइव्हवरचे फोल्डर संग्रहात दिसू लागते. अख्खा ई ड्राइव्ह जोडू नका, लागेल तेवढेच फोल्डर जोडा.

सर्व्हर, म्हणजे पान आणि फाइल एकाच पत्त्यावरून देणारा प्रोग्रॅम, चालू करा; मग ब्राउझर फाइलला परकी मानत नाही. पायथन असेल तर संग्रहाच्या फोल्डरमध्ये जाऊन: पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८००० --बाइंड १२७.०.०.१. शेवटचा भाग गाळू नका, नाहीतर त्याच वायफायवरच्या इतरांनाही तुमचे फोटो उघडता येऊ शकतात. पानातले पत्ते 'फोटो/यादी.जेसन' असे साधे करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० उघडा.

कुलूपच काढून टाकण्याचा सल्लाही मिळेल. क्रोमला 'अलाउ फाइल अ‍ॅक्सेस फ्रॉम फाइल्स' हा फ्लॅग (क्रोम सुरू करताना द्यायचा पर्याय) देता येतो, पण तो शॉर्टकटमध्ये राहून जातो आणि मग त्याच क्रोममध्ये उघडलेल्या कुठल्याही उतरवलेल्या पानाला डिस्क मोकळी. मी तो वापरत नाही. फायरफॉक्सची 'प्रायव्हसी.फाइल_युनिक_ओरिजिन' सेटिंग बंद केली तरी पानाला स्वतःचे फोल्डर आणि त्याच्या पोटातलेच वाचता येते. दुसऱ्या ड्राइव्हसाठी तिचा उपयोग शून्य.

पेन ड्राइव्हवरून नातेवाइकांना पान द्यायचे असेल तर त्यांच्याकडे पायथन असेलच असे नाही. अशा वेळी यादी जेसनऐवजी साध्या जेएस फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून ठेवा आणि स्क्रिप्ट टॅगने जोडा. ती डबल क्लिकनेही चालते. किंवा पानावर फाइल निवडण्याचे बटण द्या. माणसाने स्वतः निवडलेली फाइल कुठल्याही ड्राइव्हवरची असो, ब्राउझर ती वाचू देतो.

जोडणी नको झाली तर 'आरएमडीआयआर' द्या, पण '/एस' न लावता. फक्त दुवा जातो, फोटो जागेवर राहतात. आणि डिस्क काढून पुन्हा लावल्यावर ई चा एफ झाला, तर दुवा तुटतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला जुने अक्षर परत द्या.