एबीएसचा जी-सेन्सर कसा तपासावा

फोर-व्हील-ड्राइव्ह लावलेली असताना चारही चाके एकमेकांशी जोडलेली असतात. त्यामुळे निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबताच ती एकदमच घसरू शकतात, आणि अशा वेळी केवळ चाकांच्या फिरण्यावरून गाडीचा खरा वेग एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेला, कळत नाही. म्हणून अशा अनेक गाड्यांत वेगातील घट मोजणारा जी-सेन्सर बसवलेला असतो. येथे दिलेली पद्धत सप्लाय (वीजपुरवठा), अर्थ (निगेटिव्ह जोडणी) आणि सिग्नल अशा तीन तारांच्या सेन्सरसाठी आहे.

प्रथम स्कॅनरवरील (गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या उपकरणावरील) दोषाचा कोड लिहून घ्यावा, चारही टायर एकाच मापाचे असल्याची खात्री करावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मधला कन्सोल उघडावा.

येथे घाई अजिबात करू नये. कन्सोलखाली जी-सेन्सरप्रमाणेच एअरबॅगचा मॉड्यूलही (नियंत्रण करणारा डबा) बहुधा असतो. तो चालू स्थितीत हलवला किंवा आपटला तर एअरबॅग फुटू शकते, म्हणून पिवळ्या कनेक्टरच्या डब्याला हात लावू नये. काही नव्या गाड्यांत जी-सेन्सर त्या मॉड्यूलच्याच पोटात असतो. तेथे काहीही न सोडवता केवळ स्कॅनरच्या आकड्यांवर तपासणी करावी.

आता खरे काम. सेन्सरचा ओहममध्ये रोध मोजण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असल्यामुळे त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. मलाही सर्वांत जास्त याच टप्प्याने छळले. सेन्सरचे बोल्ट काढावेत, कनेक्टर मात्र लावलेलाच ठेवावा. बॅटरी जोडून इग्निशन चालू करावे आणि मल्टिमीटरची बारीक पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूने सरकवावी. तारेचे आवरण टोचू नये, कारण पावसाळ्यात त्याच भोकातून तार गंजते.

सप्लाय साधारण ५ व्होल्ट मिळाला की सेन्सर सपाट धरावा. सिग्नल सुमारे २.५ व्होल्ट दिसतो. मग त्यावरील बाण हळूहळू सरळ खाली वळवावा. या स्थितीत गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण १ जी सेन्सरवर येतो आणि अनेक सेन्सरांत व्होल्टेज सुमारे एका व्होल्टने बदलते. ३० अंशांवर त्याच्या निम्मा बदल दिसायला हवा. नेमके आकडे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच धरावेत. माझ्या मते अंतिम आकड्यापेक्षा वळवताना दिसणारी चाल महत्त्वाची आहे: आकडा सलग सरकावा, मध्येच अडकला किंवा उडाला तर सेन्सर खराब समजावा. मात्र तसे ठरवण्यापूर्वी सेन्सर स्थिर धरून वायरिंग हलवून पाहावी. तेवढ्यानेही आकडा उडत असेल तर दोष कनेक्टरचा किंवा अर्थचा असतो, आणि अशा वेळी महागडा सेन्सर विनाकारण बदलला जातो.

सेन्सर परत बसवताना बाणाची दिशा पाहावी, ब्रॅकेट वाकलेला नसावा. या तपासणीत नवा कोड नोंदला जाऊ शकतो, तो शेवटी पुसावा. सेन्सर बदलला असल्यास आणि मॅन्युअलमध्ये सांगितले असल्यास, गाडी सपाट जमिनीवर उभी करून स्कॅनरने शून्य-स्थितीची नोंद करून घ्यावी.