गरम पाण्याचा हिशेब: बादली, अंश आणि युनिट

हिवाळ्यात वीजबिल वाढले की पुण्यातील बहुतेक घरांत दोष गिझरवर येतो. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु बिलातील नेमके किती रुपये पाणी तापवण्यावर गेले, हे सहसा कोणाला सांगता येत नाही, कारण बिलावर घरातील सगळ्या उपकरणांच्या वापराची एकच बेरीज छापलेली असते. नवा गिझर घ्यावा, गॅसवर जावे की सोसायटीच्या गच्चीवर सौर यंत्रणा बसवावी, हे निर्णय हजारो रुपयांचे असतात. ते घेण्यापूर्वी घरात किती गरम पाणी लागते आणि ते तापवायला किती पैसे पडतात, याची आठवडाभर नोंद ठेवावी. त्यासाठी एक वही, एक तपमापक आणि खुणा केलेली बादली एवढी सामग्री पुरते.

हिशेबाचा पाया सोपा आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये सुमारे ८६० किलोकॅलरी असतात. म्हणून पाण्याचे लिटर आणि तापमानातील वाढ यांचा गुणाकार करून त्याला ८६० ने भागले की त्या पाण्यात गेलेली युनिटे मिळतात. नळाचे पाणी २० अंशांचे असेल आणि आंघोळीचे ४० अंशांचे, तर २० लिटरच्या बादलीला ४०० भागिले ८६०, म्हणजे ०.४७ युनिट लागते. नळाचे पाणी २७ अंशांवर आले की तीच बादली ०.३ युनिटमध्ये तापते. हिवाळ्याचे बिल वाढते त्यात आपण जास्त पाणी वापरतो हे एक कारण असेल, पण पाणी मुळातच थंड येते हे कारण अधिक ठळक आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. गिझरमधून येणारे पाणी ६० अंशांचे आहे की ५०, याने बादलीतील उष्णतेचा हिशेब बदलत नाही. थंड पाणी विसणल्यानंतर बादलीत जे पाणी तयार होते, त्याचे लिटर आणि त्याचे अंश तेवढे मोजावेत. गिझरच्या टाकीतील पाणी मोजण्याच्या खटाटोपात पडण्याचे कारण नाही. तपमापक स्वयंपाकघरातला डिजिटल असावा. ताप मोजायचा थर्मामीटर साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच चालतो, त्यामुळे नळाच्या थंड पाण्याला तो उपयोगी नाही. बादलीवर लिटरच्या खुणा नसतील तर एक लिटरच्या बाटलीने एकदाच भरून रंगाने खुणा कराव्यात, कारण बाजारात वीस लिटरची म्हणून मिळणारी बादली आपण काठोकाठ कधीच भरत नाही.

शॉवरचे मोजमाप वेगळे करावे लागते. शॉवर नेहमीच्या जोराने सोडून तो बादलीत एक मिनिट धरावा आणि जमलेले लिटर पाहावेत. मग आंघोळ किती मिनिटे चालते ते घड्याळ लावून टिपावे. मिनिटाला ८ लिटर या वेगाने ८ मिनिटांची आंघोळ म्हणजे ६४ लिटर, आणि २० अंशांच्या वाढीला सुमारे दीड युनिट. चौघांच्या घरात तिघे बादलीने आणि एक जण शॉवरने आंघोळ करत असेल, तर त्या एकाची आंघोळ बाकी तिघांच्या आंघोळींइतकी पडते. सगळ्यांची बेरीज दिवसाला २.९ आणि महिन्याला ८७ युनिटांवर जाते. दिवाळीतील अभ्यंगस्नान, पाहुण्यांची वर्दळ, केस धुण्याचे दिवस यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर सरासरी फसवी निघते.

हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात गिझरने किती वीज ओढली, हे पडताळण्यासाठी १६ अँपिअरच्या प्लगमध्ये बसणारा युनिट मोजणारा मीटर मिळतो. तो घेता आला तर उत्तम. नसेल तर घराच्या मीटरवरील लुकलुकणारा दिवा कामी येतो. एका युनिटला किती लुकलुका होतात हे मीटरवर छापलेले असते. ३२०० असतील तर २ किलोवॉटचा गिझर चालू असताना मिनिटाला सुमारे १०७ लुकलुका दिसतात. फ्रिज, पंखे, पंप बंद ठेवून ही मोजणी करावी. गिझर किती मिनिटे चालला एवढ्यावरच विसंबू नये, कारण व्होल्टेज दहा टक्के उतरले की गिझरची ताकद जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते आणि पाणी उशिरा तापते. वेळ वाढला म्हणजे युनिटेही तेवढ्याच प्रमाणात वाढली असे नाही. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या उपनगरांतील घरांत कॉइलवर क्षार साचतात आणि कॉइल लवकर जळते. हे नुकसान दुरुस्तीच्या खर्चात दिसते, युनिटांत फारसे नाही.

मीटरने दाखवलेली युनिटे कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त निघाली, तर तो फरक दोन ठिकाणी शोधावा. पहिले ठिकाण म्हणजे गिझरच्या टाकीतून भिंतीपल्याड झिरपणारी उष्णता. रात्री सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावर पाणी तापू द्यावे, गिझर आपोआप बंद झाला की प्लगमधल्या मीटरचा आकडा लिहावा, आणि नळ न उघडता सकाळी पुन्हा पाहावा. त्या तासांत गेलेली युनिटे निव्वळ तोट्याची आहेत. गिझर दिवसभर चालू ठेवणे परवडते असे काही घरांत मानतात. या मोजणीनंतर तो वाद उरत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे पाइप. अर्ध्या इंची पाइपमध्ये मीटरभर लांबीला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी राहते. गिझर न्हाणीघरातच असेल तर हे नगण्य आहे, पण गच्चीवरून तीस मीटर खाली आलेल्या एक इंची पाइपमध्ये १४-१५ लिटर पाणी अडकलेले असते आणि ते थंड होऊन आधी सांडून जाते. गरम धार येईपर्यंतचे पाणी बादलीत धरून मोजावे. ते भांड्यांना किंवा झाडांना वापरता येईल.

आता पैशांकडे वळू. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेला दर गिझरला लावणे चूक आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. घराचा वापर २१० युनिटे असेल आणि त्यातली ८७ गिझरची असतील, तर गिझर नसता वापर १२३ वर थांबला असता. म्हणजे गिझरची सगळी युनिटे दुसऱ्या टप्प्यात पडतात. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करून त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवावे. स्थिर आकार यात धरू नये; तो गिझर असो वा नसो, द्यावाच लागतो. उदाहरणापुरता हा दर १२ रुपये आला असे धरले, तर ८७ युनिटांचे १,०४४ रुपये होतात.

गॅसची तुलनाही याच मापाने करावी. १४.२ किलोच्या सिलिंडरमधील गॅसने गॅस गिझरवर, सुमारे ८० टक्के उष्णता पाण्यात उतरते असे धरल्यास, १४५ युनिटांएवढे पाणी तापते. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागले की विजेच्या दराशी भिडवता येणारा आकडा मिळतो. पाइपच्या गॅसचा एक घनमीटर याच हिशेबाने सुमारे ८ युनिटांच्या तोडीचा ठरतो. हा आकडा कितीही आकर्षक निघाला, तरी बंद न्हाणीघरात गॅस गिझर बसवू नये. तेथे कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. तो वास देत नाही, म्हणून हवा खेळती असल्याची खात्री आधी आणि बचतीचा विचार नंतर.

सौर यंत्रणा असेल, तर नळाशी येणाऱ्या पाण्याचे अंश सकाळी रोज टिपावेत. ते तीस अंशांचे येत असेल, तर उरलेले दहा अंश वीज भरून काढते आणि तेवढाच खर्च सौर पाण्यावर मांडावा. गच्चीवरील टाकीत विजेची कॉइल असेल तर तिची युनिटे सोसायटीच्या सामाईक मीटरवर पडतात, म्हणून तिला वेगळा मीटर लावून घ्यावा. ही नोंद डिसेंबर-जानेवारीत एकदा आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी, कारण पुण्यात सलग ढगाळ दिवस पावसाळ्यातच येतात आणि सौर पाणी किती कमी पडते ते तेव्हाच कळते.