जाड सुती दोर आणि गुळगुळीत नायलॉन दोरी: न सुटणारा जोड कसा मारावा

ट्रॉलीत मालदांडी ज्वारीचा कडबा रचून झाला, वरून आवळायला घेतलं आणि दोर चार हात कमी पडला, की हाताला लागेल ती दोरी जोडली जाते. एकीकडे बोटभर जाडीचा सुती सोल, दुसरीकडे पिवळी किंवा निळी प्लॅस्टिकची दोरी. सवयीने दोन निरगाठी मारल्या जातात. मंगळवेढा सोडून सोलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत गाठ ढिली झालेली असते.

निरगाठ इथे टिकत नाही, कारण ती दोन सारख्या जाडीच्या, खरखरीत दोरांना एकमेकांवर दाबून धरते. एक दोर जाड आणि ताठ असला, की बारीक दोरी त्याला नीट आवळू शकत नाही. नायलॉन आणि प्लॅस्टिकचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि नायलॉन ताणलंही जातं. गाडी खड्ड्यातून जाताना ताण येतो, जातो, पुन्हा येतो. दर वेळी टोक गाठीत थोडं थोडं आत सरकतं.

अशा विजोड दोरांसाठी गाठ आहे शीट बेंड. स्काउटमध्ये असताना अनेकांनी ती शिकलेली असते. सोलापुरात तर ती रोज हजारो वेळा मारली जाते, कारण मागावर ताण्याचा (उभा) धागा तुटला की विणकर जो जोड मारतात त्याची घडण हीच. फरक एकच आणि तो महत्त्वाचा: धागा फणीतून अडकल्याशिवाय जावा म्हणून विणकर टोकं अगदी कापून टाकतात. सुती धागा एकमेकांना चावून बसतो, म्हणून ते चालतं. गुळगुळीत दोरीत टोकं लांबच ठेवायची आणि वेढा एकाऐवजी दोनदा घ्यायचा.

आता प्रत्यक्ष कृती. जाड दोर १२ मिमीचा आणि बारीक दोरी ६ ते ८ मिमीची आहे असं धरू.

दुमड नेहमी जाड दोराचीच करायची. त्याचं टोक सुमारे २० सेंमी मागे वळवून डाव्या हाताच्या चिमटीत धरा. बंद बाजू उजवीकडे, आखूड टोक वर, ताणाचा दोर खाली.

बारीक दोरी दुमडीतून मागून पुढे, म्हणजे तुमच्याकडे बाहेर काढा. ४० सेंमी तरी ओढून घ्या, दोन वेढ्यांना तेवढी लागते.

आता ती आधी आखूड टोकाच्या पदरावरून न्या आणि मग दोन्ही पदरांच्या मागून खाली आणा. हा क्रम चुकू देऊ नका. तो बरोबर असेल तर शेवटी दोन्ही मोकळी टोकं गाठीच्या एकाच बाजूला येतात. ती विरुद्ध बाजूंना दिसली तर गाठ कमी भरवशाची, सोडून पुन्हा मारा.

खालून पुढे आलेलं टोक बारीक दोरीच्याच, दुमडीतून बाहेर पडलेल्या भागाखालून वर सरकवा. झाली साधी शीट बेंड. इथे न थांबता तेच टोक पुन्हा दोन्ही पदरांच्या मागून फिरवा आणि त्याच भागाखालून काढा. दुसरा वेढा पहिल्याला लागून बसवा, त्याच्यावर चढू देऊ नका. चढलेला वेढा ताण आला की घसरून जागा सोडतो. दोरी फारच निसरडी असेल तर तिसरा वेढा घ्या.

आवळताना एकदम हिसका मारू नका. आधी चारही पदर हाताने थोडे थोडे ओढून गाठीला आकार द्या, मग ताण द्या. दोन्ही टोकं किमान १५ सेंमी उरली पाहिजेत.

तपासणी सोपी आहे. टोक गाठीतून बाहेर पडतं तिथे स्केचपेनने खूण करा. दोर दहा-बारा वेळा ढिला सोडून ओढा. खूण आत गेली तर वेढा वाढवा. भरलेली गाडी निघाल्यावरही पहिल्या एक-दोन किलोमीटरनंतर थांबून तीच खूण पाहा.

दोन्ही दोऱ्या सारख्या जाडीच्या आणि दोन्ही गुळगुळीत असतील, तर डबल फिशरमन ही गाठ जास्त खात्रीची. दोन्ही टोकं समोरासमोरून आणून ६० सेंमी शेजारी-शेजारी ठेवा. एका टोकाने दोन्ही दोऱ्यांभोवती दोन वेढे घ्या आणि ते टोक त्या वेढ्यांच्या आतून काढा. दुसऱ्या टोकानेही तसंच, उलट दिशेने. मग दोन्ही दोऱ्या ओढा, गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतील. एका बाजूला दोन फुल्या आणि मागे चार समांतर पदर दिसले तर जोड बरोबर आहे.

कोणताही जोड मारला तरी गाठीपाशी दोर कमजोर होतोच. ताकद निम्मीच उरली असं धरून चाला. म्हणून विहिरीत माणूस उतरवायला किंवा बोअरमध्ये मोटर सोडायला जोडलेला दोर वापरूच नका, तिथे अखंड दोरच हवा. सोलापूरच्या उन्हात वर्षभर पडलेली प्लॅस्टिकची दोरी हातात चुरून पाहा. भुगा निघाला तर ती जोडण्याच्या लायकीची राहिलेली नाही.

सोडताना शीट बेंडच्या जाड दोराची दुमड मागे वाकवा, वेढे आपोआप सैल होतात. डबल फिशरमन मात्र भार आल्यावर घट्ट बसते आणि सहसा कापावीच लागते, त्यामुळे रोज सोडायच्या दोराला ती मारू नका.