पहिल्यांदाच स्वतः स्किपर म्हणून शिडाची बोट भाड्याने घेताय? जागा आणि बोट कशी निवडायची

डे स्किपरचा (शिडाची बोट स्वतः चालवायला शिकवणारा) पाच दिवसांचा कोर्स झाला, सर्टिफिकेट हातात आलं, की त्याच रात्री आपण लॅपटॉप उघडून बोटी बघायला लागतो. मीही तेच केलं होतं. इंग्लंडमध्ये सोलंटच्या थंडगार पाण्यात, भरती-ओहोटीची गणितं करत शिकलो होतो, त्यामुळे ग्रीसचा निळा समुद्र बघून वाटलं की हे तर सोपंच असणार. आणि फोटो कुठले बघत होतो, तर सँटोरिनी, मिकोनोस, म्हणजे एजियन समुद्रातली बेटं. आता चार वेळा जाऊन आल्यावर सांगतो, पहिल्या वेळी तिकडे अजिबात जाऊ नका.

कारण मेल्टेमी. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून हा वारा सुटतो, आकाश एकदम स्वच्छ, ढगाचा पत्ता नाही, आणि वारा मात्र बोफर्ट स्केलवर (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) सहा-सात, कधी आठसुद्धा, तोही तीन-तीन चार-चार दिवस सलग. चार्टर (म्हणजे बोट भाड्याने घेणं) शनिवार ते शनिवार असतं, म्हणजे अथेन्सहून निघून वाऱ्याबरोबर मजेत दक्षिणेला गेलात तरी परत येताना तोच वारा तोंडावर, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बोट जागेवर आणायचीच असते. नवशिक्या स्किपरने बायकापोरांना घेऊन या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी ग्रीसच्या पश्चिमेला जा, आयोनियन समुद्रात, त्यातही दक्षिण भागात. लेफ्काडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया, कालामोस, कास्तोस ही बेटं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की मधला समुद्र जवळजवळ तळ्यासारखा बंदिस्त वाटतो. पुढचं बेट डोळ्यांना दिसत असतं, दोन मुक्कामांमध्ये पाच ते पंधरा समुद्री मैल, म्हणजे पाच नॉटने (ताशी पाच समुद्री मैल) गेलात तर एक ते तीन तास. भरती-ओहोटी नावापुरती. आणि वाऱ्याचं वेळापत्रक उन्हाळ्यात बहुतेक दिवशी ठरलेलं असतं. आपण शाळेत भूगोलात खारे वारे-मतलई वारे शिकलो ना, साधारण तसंच काहीसं, सकाळी पाणी आरशासारखं, दुपारी एक-दीडच्या सुमारास वायव्येकडून वारा सुरू, चारच्या आसपास जोर चांगला वाढतो आणि सूर्य मावळला की पडतो. मग सकाळी इंजिनवर निघायचं, कुठल्यातरी खाडीत पोहायचं-जेवायचं, दुपारी दोन तास शीड लावून मजा करायची आणि वारा अंगावर यायच्या आत बंदरात शिरायचं. इथाका आणि केफालोनियाच्या मधल्या चिंचोळ्या भागात आणि लेफ्काडाच्या दक्षिण टोकाजवळ मात्र वारा जास्त लागतो, तिथे दुपारी उशिरा जाऊ नका.

तिथे पोचायलाही सोपं आहे. प्रेवेझाचा विमानतळ (त्याला अक्तिओ पण म्हणतात) लेफ्काडापासून टॅक्सीने अर्ध्या तासावर आहे, आणि लेफ्काडा बेट असलं तरी मुख्य भूमीला रस्त्याने जोडलेलं आहे, फेरी लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच, आणि उत्तरेला कॉर्फू बेटावरून निघणार असाल तर एक लक्षात ठेवा, समोर दिसतो तो अल्बेनिया शेंगेनमध्ये नाही, सिंगल एंट्री व्हिसावर सहज म्हणून तिकडे जाऊन आलात तर परत आत यायची पंचाईत होईल.

कधी जायचं? मेचा शेवट, जून, किंवा सप्टेंबरचा पहिला भाग. महाराष्ट्रातून मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांना मेचा शेवटचा आठवडा मस्त जमतो, पाणी थोडं गार असतं पण बंदरात जागा मिळते. ऑगस्टमध्ये छोट्या बंदरांचे धक्के दुपारी दोन-तीनलाच भरून जातात आणि मग नवशिक्याची धावपळ होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात हवा बिघडू शकते, २०२० च्या सप्टेंबरमध्ये इयानोस नावाचं वादळ केफालोनिया-इथाकावर आदळलं होतं आणि बऱ्याच बोटी बुडाल्या. रोज होतं असं नाही, पण अंदाज रोज दोनदा बघायचाच.

आता जे मला कोणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं ते सांगतो. शीड चालवणं सोपं आहे, बोट लावणं अवघड आहे. भूमध्य समुद्रात धक्क्याला बोट सहसा आडवी लावत नाहीत, बोटीची पाठ धक्क्याकडे करून उलटं शिरतात. तीन-चार बोटींच्या लांबीइतकं लांब थांबून नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत रिव्हर्सने दोन बोटींच्या मधल्या फटीत जायचं, मागून दोन दोर धक्क्याला बांधायचे आणि मग साखळी ताणून घ्यायची. कोर्समध्ये आम्ही हे एकदाही केलं नव्हतं. मेगानिसीच्या वाथी बंदरात पहिल्यांदा शिरताना दुपारचे चार वाजले होते, बाजूने वारा, मी सुकाणूवर, बायको पुढे विंडलासचं (नांगराची साखळी वर-खाली करणारं मशीन) बटण धरून, आणि अर्ध्या वाटेत विंडलास बंदच पडला. साखळी ना खाली जाईना ना वर येईना, बोटीचं नाक वाऱ्याने शेजारच्या बोटीकडे वळायला लागलं. शेजारच्या बोटीवरचे एक जर्मन आजोबा हातातला कप खाली ठेवून उठले, फेंडर (बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणून लावायचा हवेचा फुगा) मध्ये धरला आणि आमचा दोर घेतला म्हणून वाचलो. नंतर कळलं की विंडलासचा ब्रेकर उडाला होता आणि तो होता मागच्या केबिनमध्ये गादीखाली, ज्याच्यावर आमच्या सगळ्या बॅगा रचलेल्या. बोट ताब्यात घेताना मी ते विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवशी निघाल्यावर मोकळ्या पाण्यात, लेफ्काडावरच्या निद्रीच्या पुढे व्लिहोची मोठी शांत खाडी आहे तिथे, अर्धा तास नुसतं रिव्हर्स चालवा. रिव्हर्स टाकल्यावर बोट आधी एका बाजूला सरकते, कुठल्या ते प्रत्येक बोटीचं वेगळं, वेग आला की मगच सुकाणू ऐकते. हे एकदा हाताला कळलं की बंदरात घाम फुटत नाही.

याच कारणासाठी बोट छोटी घ्या. ३३ ते ३७ फूट पुरे. सात-आठ वर्षं जुनी असली तरी चालेल, नीट ठेवलेली हवी. जाहिरातीत आठ बर्थ लिहिलेले असतात पण त्यातले दोन म्हणजे बैठकीचा सोफा असतो, तीन केबिनच्या बोटीवर चार जण सुखाने राहतात, सहा जण दाटीवाटीने. कॅटमरान (दोन जोड सांगाड्यांची बोट) दोन इंजिनांमुळे जागच्या जागी फिरते, वळवायला खरंच सोपी, पण रुंदी जवळजवळ दुप्पट, भाडं जास्त आणि छोट्या धक्क्यावर तेवढी जागा मिळत नाही, त्यामुळे माझं मत पहिल्या वेळी एकाच सांगाड्याची बोट. बो थ्रस्टर (बोटीचं नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा) मिळत असेल तर आनंदाने घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि एकट्याने जायचं की फ्लोटिलाबरोबर? मनात जरा जरी धाकधूक असेल तर फ्लोटिला. आठ-दहा बोटी एकत्र, पुढे एक लीड बोट, तिच्यावर स्किपर आणि इंजिनिअर, रोज सकाळी ब्रीफिंग, संध्याकाळी ते लोक धक्क्यावर उभं राहून तुमचे दोर घेतात. दिवसभर तुमची बोट तुम्हीच चालवता. नाहीतर पहिले एक-दोन दिवस भाड्याचा स्किपर घ्या, त्याच्याकडून फक्त नांगर आणि धक्का शिकून घ्या, फक्त तो रात्री बोटीवर झोपणार का आणि जेवणाचं काय हे आधी ठरवा.

बरोबर कोण येतंय याचाही विचार करा. ग्रीसमध्ये स्किपरशिवाय आणखी एक अनुभवी माणूस कागदावर दाखवावा लागतो, पण कागद सोडा, खरोखर नांगर सांभाळणारं कोणीतरी हवंच. माझी आई एकदा आली होती, समुद्राची तिला भीती नव्हती, हैराण झाली ती बोटीवरून धक्क्यावर जायच्या फूटभर रुंद हलत्या फळीने. गुडघे दुखणारं कोणी असेल तर रोज वेगळं बंदर धरू नका, दोन रात्री एका जागी राहा. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट बुकिंग करतानाच सांगा. बोट लागत असेल तर अ‍ॅव्होमिन निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि पोहे, गोडा मसाला, तांदूळ-मूगडाळ न्या. दोन बर्नरच्या डुलत्या शेगडीवर खिचडी झकास होते.

पैशांचं म्हणाल तर भाडं बोटीचं असतं, माणशी नाही. त्यावर शेवटची साफसफाई, चादरी, डिंगीचं (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) इंजिन, डिझेल हे वेगळं लागू शकतं. डिपॉझिट साधारण १५०० ते ३००० युरो कार्डवर अडकतं, ते कमी करायचा विमा मिळतो, पहिल्या वेळी घ्या. सिवोता किंवा स्पार्तोहोरीसारख्या ठिकाणी हॉटेलवाल्याच्या जेट्टीवर बोट लावायची आणि रात्री त्याच्याकडेच जेवायचं असा रिवाज आहे, म्हणजे पार्किंग फुकट.

बोट ताब्यात घेताना घाई नको. समजावून सांगणाऱ्याचा मोबाइलवर व्हिडिओच काढा. प्रत्येक ओरखड्याचा फोटो. इंजिन चालू केल्यावर मागून पाणी बाहेर पडतंय का, पाण्याची खोली दाखवणारं मशीन पृष्ठभागापासून मोजतं की कीलपासून (बोटीच्या तळाचा सर्वात खालचा भाग), साखळी किती मीटर, शीड छोटं करायचे दोर कुठले, गॅसचा कॉक कुठे, आणि हो, विंडलासचा ब्रेकर.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी सर्टिफिकेटचा स्कॅन पाठवून चालतंय असं लेखी घ्या (क्रोएशियात व्हीएचएफ रेडिओचं सर्टिफिकेटही लागतं, म्हणून ग्रीसचं उत्तर तिकडे लागू पडेल असं धरू नका). त्याच मेलमध्ये बोट किती वर्षं जुनी, शिडं शेवटची कधी बदलली, बिघाड झाला तर माणूस किती वेळात येतो, हे तीन प्रश्न विचारा. दोन-तीन दिवसांत सरळ उत्तर आलं नाही तर दुसरी बोट बघा.