संशयास्पद टपाल आणि पार्सल: ओळखावे कसे, हाताळावे कसे

फेब्रुवारी २०१८ मध्ये ओडिशातील पाटणागड येथे, लग्न होऊन जेमतेम पाच दिवस झालेल्या एका घरी कुरिअरने पार्सल आले. लग्नाचा आहेर असावा असे समजून ते उघडले गेले आणि स्फोटात नवरदेव व नात्यातील एक वृद्ध आजी मृत्युमुखी पडली. नववधू गंभीर जखमी झाली. पार्सल रायपूरहून आले होते, त्यावरील पाठवणाऱ्याचे नाव खोटे होते आणि रायपूरला आपल्या ओळखीचे कोणी नाही, हे घरच्यांना ठाऊक होते.

म्हणून पहिली नजर वेष्टनाकडे नव्हे, तर पाठवणाऱ्याकडे जायला हवी. हल्ली घरातला प्रत्येक जण ऑनलाइन काही ना काही मागवतो, त्यामुळे अनपेक्षित पार्सल आल्यास आधी घरात किंवा कार्यालयात सर्वांना विचारावे. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे असेल, तर त्याला फोन करून खात्री करावी. मात्र तो पार्सलवर लिहिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर करावा.

त्यानंतर वेष्टन पाहावे, तेही शक्यतो हात न लावता. पाठवणाऱ्याचा पत्ता एका गावचा आणि टपालाचा शिक्का दुसऱ्याच गावचा असणे, गरजेपेक्षा जास्त तिकिटे, नावाऐवजी नुसते किंवा चुकीचे पदनाम, ‘स्वतःच उघडावे’ असा शेरा, एकाच बाजूला जाणवणारे वजन, बाहेर डोकावणारी तार किंवा चंदेरी पन्नी, तेलकट डाग, अनोळखी उग्र वास किंवा सांडणारी भुकटी, ही लक्षणे ध्यानात ठेवावीत. एकट्या लक्षणावरून घाबरण्याचे कारण नसते. गावाहून आलेल्या लोणच्याच्या खोक्यालाही तेलाचा डाग पडतोच आणि टेप तर आपल्याकडे सगळेच सढळ हाताने गुंडाळतात. मात्र पाठवणारा ओळखीचा नाही आणि त्यात यांपैकी काही दिसत आहे, किंवा तार अथवा भुकटी उघड दिसत आहे, तर उघडण्याचा विचार सोडून द्यावा.

स्फोटकाची शंका असल्यास वस्तू आहे तिथेच राहू द्यावी. ती उचलून गच्चीवर किंवा मैदानात नेणे, पाण्याच्या बादलीत बुडवणे, वाळूने झाकणे, दोरी कापून पाहणे हे सर्व प्रकार जिवावर बेतू शकतात. खोली, मग इमारत रिकामी करावी आणि छोट्या पार्सलपासूनही निदान १०० मीटर दूर, काचांपासून लांब, आडोशाला थांबावे. पार्सलपासून १५ मीटरच्या आत मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरू नये. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी जवळ जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यापायी माणसे पांगण्याऐवजी गोळा होतात. दूर गेल्यावर ११२ वर कळवावे. बॉम्बशोधक व नाशक पथकाला पोलीसच बोलावतात.

भुकटीच्या बाबतीत रीत वेगळी आहे. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू भुकटीच्या रूपात घातलेली पत्रे टपालाने पाठवली गेली आणि त्यात ५ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी दोघे वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातील कर्मचारी होते. तिथे कोणी पाकीट उघडले नव्हते. छाननीच्या यंत्रांत दाबली गेलेली बंद पाकिटेच जंतू बाहेर सोडत होती. त्यामुळे असे पाकीट दाबू, हलवू किंवा हुंगू नये, सांडलेली भुकटी झाडू अथवा फुंकू नये. पाकीट हातात असेल तर हळूच खाली ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीने किंवा कागदाने झाकावे, पंखे व वातानुकूलन यंत्रणा बंद करावी, बाहेर पडून दार लावून घ्यावे आणि इतरांना आत जाऊ देऊ नये. हात तोंडाला किंवा डोळ्यांना न लावता आधी साबण व पाण्याने धुवावेत. कपड्यांवर भुकटी पडली असल्यास ते न झटकता उतरवून पिशवीत बंद करावेत आणि अंगही साबणाने धुवावे. त्या खोलीत असलेल्यांनी घरी निघून न जाता जवळच एका ठिकाणी थांबावे. त्यांच्या नावांची यादी पुढे डॉक्टरांना लागते.

पोलीस येईपर्यंत पार्सल कोणी, किती वाजता आणून दिले, कुरिअरच्या पावतीवरील क्रमांक कोणता आणि त्याला कोणाकोणाचे हात लागले, हे लक्षात आहे तोवर लिहून काढावे. कार्यालयातील आवक-जावक नोंदवही आणि सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील सीसीटीव्हीचे चित्रण पोलिसांसाठी राखून ठेवावे.